परक्या जात्यावरची ओवी

माहेराची ओवी माहेरी सुचत नाही. माहेरी असताना मुलीला अंगण म्हणजे नुसते झाडायचे काम वाटते, विहीर लांब वाटते आणि भाऊ भांडखोर वाटतो. पुढे लग्न होते, पहाटेच्या अंधारात ती परक्या जात्याचा खुंटा धरते, आणि मग त्याच अंगणात चंदनाचा सडा पडू लागतो, त्याच विहिरीला अमृताची गोडी येते, आणि भाऊ तर राजाच होऊन बसतो! माझी आजी अशा ओव्या फार सुरेख म्हणायची. तिचे खरे माहेर मी पाहिले आहे. पडवी गळकी, आणि विहीर चैत्र संपायच्या आत आटणारी. तरीही आजी खोटे गात होती असे म्हणण्याची माझी छाती नाही. जवळून जे दिसत नव्हते ते तिला लांबून दिसत होते, एवढेच मी म्हणेन.

नृत्याच्या इतिहासात अशीच एक ओवी दोघांनी मिळून रचली आहे. एक होती रशियन बाई आणि दुसरा हिंदुस्थानी तरुण. दोघेही आपापल्या घरापासून दूर आलेले. जाते मात्र लंडनचे होते. दिवाळीच्या निवांत वेळी घरातल्या लहानथोरांना सांगावी अशी ही कथा आहे. आज आपण ज्याला अभिमानाने ‘आपले’ नृत्य म्हणतो, त्याच्याकडे आपले लक्ष वळवण्यात या परदेशी बाईचाही हात होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

बाईचे नाव ॲना पाव्हलोव्हा. १८८१ साली सेंट पीटर्सबर्गला तिचा जन्म झाला. आई लोकांचे कपडे धुऊन पोट भरी. मुलगी अशक्त, काडीसारखी. एकदा आईने तिला मारिन्स्की नाट्यगृहात ‘निद्रिस्त राजकन्या’ हा बॅले दाखवला, आणि त्या दिवसापासून पोरीने ध्यासच घेतला. १८९१ साली ती बादशाही नृत्यशाळेत दाखल झाली आणि पुढे त्याच मारिन्स्कीची पहिल्या प्रतीची नर्तिका झाली. मरणाऱ्या हंसाचे तिचे नृत्य उण्यापुऱ्या काही मिनिटांचे, पण जगभर लोक ते पाहण्यासाठी रांगा लावीत.

१९१२ साली तिने लंडनमध्ये गोल्डर्स ग्रीन भागात एक मोठे घर घेतले. बागेत तळे होते, आणि तळ्यात खरेखुरे हंस पाळलेले होते. १९१४ साली ती रशियातून निघाली ती पुन्हा कधी परतली नाही. आधी महायुद्ध आडवे आले, मग १९१७ ची क्रांती आली आणि ज्या जगात ती वाढली ते जगच उरले नाही. पुढची सगळी वर्षे ती स्वतःचा संच घेऊन देशोदेशी नाचत फिरली. पॅरिसजवळ रशियन निर्वासितांच्या अनाथ मुलांसाठी तिने एक आश्रम चालवला. त्याचा खर्च ती आपल्या नाचाच्या कमाईतून भागवीत असे. जिला माहेरी जाता येत नाही, ती माहेरचे माणूस दिसले की त्याच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय त्याला जाऊ देत नाही. तसेच हे.

१९२२ सालच्या अखेरीस ही पाव्हलोव्हा हिंदुस्थानात आली. कलकत्त्याला आणि मुंबईला तिचे प्रयोग झाले. जिथे जाईल तिथे तिथले नृत्य पाहायचे आणि शिकता आले तर शिकायचे, हा तिचा परिपाठ होता. जपानात तिने तसे केलेही होते. आपल्याकडे मात्र तिच्या हाती फारसे काही लागले नाही. आपला तो काळच तसा होता. १८९०-९५ च्या सुमारास मद्रासकडे नाचाविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली होती. देवळात नाचणाऱ्या स्त्रियांचे जिणे सुधारावे हा हेतू चांगला होता, परंतु त्या धांदलीत त्यांच्या विद्येलाही लोकांनी बाहेरची वाट दाखवली. घरंदाज माणसाने नाचाचे नावही काढू नये अशी स्थिती होती. आपल्या महाराष्ट्रात तरी काय होते? लावणी आणि तमाशा फडात नांदत होते, पण सभ्य घरात त्यांचा उच्चार होत नसे. संगीत नाटकाची भरभराट होती, पण नाटकातली नायिका म्हणजे बालगंधर्व. चांगल्या घरच्या मुलीने रंगभूमीवर पाऊल टाकण्याची सोय नव्हती. घरात दागिना असावा आणि घरच्यांनीच तो कोनाड्यात फेकून ठेवावा, असा प्रकार. पाहुणी दागिना बघायला मागते आहे आणि यजमान खाली मान घालून उभे आहेत!

पाव्हलोव्हा परत गेली, पण हा देश तिच्या मनातून गेला नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांवर आधारलेला एक बॅले तिने बसवून घेतला. शिवाय हिंदू लग्नाचा एक देखावा आणि राधाकृष्णाची कथा रंगमंचावर आणावी असे तिने योजले. त्यासाठी तिला कोणी जाणकार हिंदुस्थानी माणूस हवा होता. तो तिला लंडनमध्येच मिळाला. त्याचे नाव उदयशंकर.

हा तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता, आणि नर्तक मुळीच नव्हता. तो चित्रकलेचा विद्यार्थी होता. १९०० साली उदयपुरात जन्मला म्हणून नाव उदय. घराणे बंगाली. वडील श्यामशंकर संस्कृतचे पंडित आणि बॅरिस्टर, झालावाड संस्थानाच्या सेवेत. मुलाचे बालपण बरेचसे गाझीपूर जिल्ह्यातल्या नसरतपूर या गावी गेले. हे त्याचे आजोळ. त्या गावात चर्मकारांच्या वस्तीत मातादीन नावाचा एक नाचणारा होता. सणासुदीला तो नाचू लागला की हा मुलगा भान हरपून बघत बसे. पुढे जगभर नाव झाल्यावरही उदयशंकर आपला पहिला गुरू म्हणून याच मातादीनचे स्मरण करी. ज्याच्या सावलीलाही गावातले काही लोक बिचकत असतील, त्याच्या पायांतली लय या मुलाने आपल्याबरोबर विलायतेपर्यंत नेली.

मध्ये मुंबईचा मुक्काम झाला. १९१८ च्या सुमारास तो जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकला, आणि गांधर्व महाविद्यालयात गाण्याचे धडे घेतले. १९२० साली तो लंडनला रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथले प्रमुख विल्यम रोथेनस्टाइन हे थोर चित्रकार होते. उदयशंकर पाश्चात्त्य धाटणीची चित्रे उत्तम काढू लागला, तेव्हा शाबासकी देण्याऐवजी त्यांनी त्याला ब्रिटिश म्युझियममध्ये पाठवले, आणि आपल्या देशाची शिल्पे व चित्रे आधी नीट पाहून ये असे बजावले. मास्तर असावा तर असा! जो विद्यार्थ्याला आपल्यासारखा करून सोडत नाही, त्याच्या स्वतःच्या घराचा रस्ता दाखवतो.

अशा या मुलाला पाव्हलोव्हाने बोलावून घेतले. नृत्यशास्त्राचा ग्रंथ त्याने वाचलेला नव्हता, कोणाचा गंडा बांधलेला नव्हता. जवळ होते ते एवढेच : नसरतपूरचा मातादीन, राजस्थानातल्या मिरवणुका, घरातली लग्ने आणि म्युझियममधली दगडी देवदेवता. या शिदोरीवर त्याने दोन नृत्ये उभी केली. १९२३ च्या सप्टेंबरात लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ती सादर झाली. राधा झाली पाव्हलोव्हा आणि कृष्ण झाला उदयशंकर. पीटर्सबर्गच्या धोबिणीची मुलगी आणि गाझीपूरकडच्या खेड्यात वाढलेला मुलगा लंडनमध्ये वृंदावन उभे करीत होते, आणि तिसऱ्याच देशाचे लोक टाळ्या वाजवीत होते.

त्यानंतर तो तिच्या संचाबरोबर अमेरिकेच्या लांबलचक दौऱ्यावर गेला. रोज डोळ्यांपुढे बॅले पाहून त्यालाही वाटू लागले की आपणही हेच शिकावे. त्याने तशी विनंती केली. पाव्हलोव्हाने साफ नकार दिला. तुझ्या देशाजवळ जे आहे ते तू जगापुढे आण, आमचे घेऊन काय करशील, असा तिच्या बोलण्याचा आशय होता.

या नकाराचा मी पुष्कळदा विचार केला आहे. बाईला काय, एक चांगला चेला आयता मिळत होता. पण ती स्वतः घर गमावून बसली होती. ज्याचे घर अजून जागेवर आहे त्याने परक्या ओसरीवर रमावे हे तिला बघवले नसावे, असे मला वाटते. पुढे काही वर्षांनी, १९२८-२९ च्या सुमारास, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची तिच्याशी ओळख झाली आणि त्यांनीही तिच्याकडून बॅले शिकण्याची इच्छा दाखवली. पाव्हलोव्हाने त्यांना थोडे शिकण्याची सोय करून दिली, परंतु सल्ला तोच दिला की आपल्या देशाच्या नृत्याकडे वळा. रुक्मिणीदेवींनी १९३५ साली लोकांसमोर भरतनाट्य सादर केले आणि १९३६ साली कलाक्षेत्राची स्थापना केली.

उदयशंकराची वाट इतकी सरळ नव्हती. १९२४ मध्ये तो संचातून बाहेर पडला आणि पॅरिसला राहिला. तिथले दिवस ओढगस्तीचे गेले. रात्रीच्या करमणुकीच्या जागांतून, खाणाऱ्या-पिणाऱ्या लोकांपुढे त्याने नाच केले. हातात वाद्ये नाहीत, वादक नाहीत, जोडीला कोणी हिंदुस्थानी नर्तिका नाही. सिमॉन बार्बिए नावाच्या एका फ्रेंच मुलीला त्याने शिकवून तयार केले. ती पियानो वाजवी. पुढे ‘सिम्की’ या नावाने ती जगाला ठाऊक झाली. तिने साडी नेसून अशी पार्वती उभी केली की पाहणाऱ्याला तिचे मूळ गाव विचारावेसे वाटू नये.

त्याच्या नृत्याची घडण कशी झाली असेल, याविषयी माझी एक समजूत आहे. शिल्पात देवाची एक मुद्रा असते, नंतर दुसरी असते. एका मुद्रेपासून दुसरीपर्यंत देव कसा गेला हे दगड सांगत नाही. गुरूकडे शिकलेल्या माणसाला ही मधली वाट गुरू दाखवतो. उदयशंकराला ती दाखवणारे कोणी नव्हते. दोन मुद्रांमधले अंतर त्याने स्वतःच्या अंगाने आणि आठवणीने भरून काढले. त्याची शैली जन्मली ती या अंतरात.

एका स्विस शिल्पकार बाईने, ॲलिस बोनर हिने, ही धडपड पाहिली आणि मदतीचा हात पुढे केला. १९३० साली दोघे हिंदुस्थानात आले आणि देशभर हिंडले. लेणी पाहिली, देवळे पाहिली, केरळात कथकळी पाहिली. उदयशंकराने वाद्ये गोळा केली, आणि माणसेही! भाऊ, काका, चुलत बहीण, प्रत्यक्ष आई, सगळ्यांना घेऊन तो पॅरिसला परतला. सर्वांत धाकटा भाऊ दहा वर्षांचा होता. तोच पुढचा सतारवादक रविशंकर. सरोदवादक तिमिरबरन बरोबर होते, आणि विष्णू दिगंबर पलुस्करांच्या तालमीत तयार झालेले विष्णुदास शिराळी होते. पलुस्करांनी मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी बसून मिळवलेल्या विद्येचा एक धागा असा पॅरिसच्या रंगमंचापर्यंत गेला.

३ मार्च १९३१ रोजी पॅरिसच्या शाँझ-एलिझे नाट्यगृहात या संचाचा पहिला प्रयोग झाला. तो पाहण्यास पाव्हलोव्हा हवी होती. पण एकोणचाळीस दिवसांपूर्वीच, २३ जानेवारीस, हॉलंडमधल्या हेग शहरी एका हॉटेलात फुप्फुसाच्या विकाराने तिला मरण आले होते. वयाला पन्नास वर्षे पुरी व्हायला तीन आठवडे उरले होते. तिच्या मृत्यूनंतर लंडनच्या एका नाट्यगृहात वाद्यवृंदाने हंसनृत्याची धून वाजवली. पडदा वर गेला. रंगमंच रिकामा होता, आणि त्या रिकाम्या जागेवर प्रकाशाचा झोत तेवढा फिरत राहिला. प्रेक्षक उभे राहिले.

इकडे उदयशंकराचा संच युरोपभर आणि १९३२-३३ च्या हंगामात अमेरिकेत गाजला. हिंदुस्थान म्हटले की गारुडी आणि हत्ती आठवणाऱ्या लोकांनी शिवाचे तांडव पाहिले, सरोद ऐकली. मग घरून आक्षेप येऊ लागले. जाणते लोक म्हणाले, हे भरतनाट्य नाही, कथकळी नाही, कथक नाही. याला शास्त्र कोणते, गुरू कोण? परदेशी लोकांसाठी सजवलेली ही बाहुली आहे, इथवर टीका झाली.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुरून आठवलेले माहेर हे नेहमी थोडे रंगवलेलेच असते. ओवीतली विहीर कधी आटत नाही. त्या रंगवलेल्या चित्रावरच जो संतुष्ट राहिला तो हळूहळू स्वतःलाही फसवू लागतो आणि पाहणाऱ्यालाही. मग ओवी खरी की खोटी, हे ठरवायचे कसे? मला एकच कसोटी दिसते. ओवी म्हणणारीला माघारी जायची संधी मिळाली तर ती जाते का? आणि गेल्यावर, गळकी पडवी दिसल्यावर, ती पदर खोचून शाकारणीला उभी राहते का?

उदयशंकर गेला. त्याचे नाव जगात झालेले होते. पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथे तो सुखाने राहू शकला असता. पण केरळातील शंकरन नंबुद्री या कथकळीच्या आचार्यांना त्याने गुरू केले. चाळिशीच्या उंबरठ्यावर हिमालयात अलमोडा येथे त्याने कलाकेंद्र उभारले. इंग्लंडमधील डार्टिंग्टनच्या एल्महर्स्ट दांपत्याने त्यासाठी पैशाची मोठी मदत केली. ज्यांच्याजवळ खरी विद्या होती त्यांना त्याने तिथे बोलावून आणले : कथकळीसाठी नंबुद्री, भरतनाट्यासाठी कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी अमुबी सिंग, संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. शास्त्र नाही म्हणून ज्याला नावे ठेवली, त्याने चारी दिशांची शास्त्रे एका डोंगरावर आणून बसवली.

केंद्र फार टिकले नाही. महायुद्धाचे दिवस, पैशाची चणचण, आपसातले तिढे. चार-पाच वर्षांत ते मिटले. पण तिथून निघालेली मुले देशभर पसरली. शांती बर्धन मुंबईला आले, लोकनाट्याच्या चळवळीत राहिले आणि १९५२ साली त्यांनी तिथे ‘लिटल बॅले ट्रूप’ काढला. सचिन शंकर यांनीही मुंबईतच आपला संच उभारला. झोहरा सेहगल पृथ्वी थिएटरमध्ये गेल्या. आणि गुरुदत्त पदुकोण नावाचा एक अबोल मुलगा अलमोड्यानंतर पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये कामावर आला. पुढच्या गुरुदत्तची ओळख करून द्यायला नको.

मोडलेल्या केंद्राचे स्वप्न उदयशंकराने ‘कल्पना’ या चित्रपटात पुन्हा रंगवले. हिमालयात कलेचे केंद्र काढू पाहणाऱ्या नर्तकाची ती कथा. १९४८ साली ती पडद्यावर आली. नायिका होती त्याची पत्नी अमला. ही जेसोरची मुलगी १९३१ साली वडिलांबरोबर पॅरिसला प्रदर्शनासाठी गेली असता वयाच्या अकरा-बाराव्या वर्षी या संचात आली होती. चित्रपटाने धंदा केला नाही. १९७७ साली उदयशंकर कलकत्त्यास वारला. पण २०१२ साली ‘कल्पना’ची डागडुजी केलेली प्रत कान येथील महोत्सवात दाखवली गेली, आणि नव्वदी ओलांडलेल्या अमलाबाई ती पाहायला जातीने फ्रान्सला गेल्या. पुढे २०२० साली, एकशे एकाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. पाव्हलोव्हाच्या अस्थी मात्र लंडनमध्येच, गोल्डर्स ग्रीनला आहेत. त्या रशियाला नेण्याची खटपट मध्यंतरी झाली, पण ती तडीस गेली नाही.

हे सारे मी आताच का लिहीत बसले, त्याला एक निमित्त झाले. माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी लग्न होऊन अमेरिकेत आहे. तिकडच्या मराठी मंडळाच्या मुलांना ती गणपतीसाठी लेझीम शिकवते. तिचे पत्र आले. लिहिते, “बाई, मी शाळेत असताना लेझीम टाळण्यासाठी पोट दुखते म्हणून सांगायची. इथे मात्र तो छन् छन् आवाज आठवून डोळे भरून येतात. मुलांना शिकवते, पण मलाच सगळे हात येत नाहीत. मधले मधले माझ्या मनाने घालते. हे चालेल का? की ही फसवणूक झाली?”

मी तिला उदयशंकराची हकीकत सविस्तर लिहून पाठवली. खाली एवढेच लिहिले : बाळ, मनाने घातलेस ते राहू दे, ते तुझे आहे. पण उन्हाळ्यात इकडे येशील तेव्हा आठ दिवस सवड काढ. आपल्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी अजूनही म्हातारे गुरुजी पोरांकडून लेझमीचे हात घोटून घेतात. त्यांच्यासमोर उभी राहा आणि राहिलेले हात शिकून घे. येताना तुझ्या दोन्ही मुलांनाही आण. लेझीम आम्ही इथे जमवून ठेवू.